तेलाची कावळी भरत नाही: पावसाळ्याचं वाणसामान कुठून भरताय?

सुरंगी | १० मे, सकाळी ९:४०

काल दुपारी तेलाची नवी पिशवी कापून कावळीत ओतली. आमची कावळी सासूबाईंच्या वेळची. एक पिशवी ओतली की तेल बरोब्बर मानेशी येऊन थांबायचं. काल दोन बोटं खाली राहिलं. मला वाटलं सांडलं, म्हणून ओटा पुसायला गेले, तर ओटा कोरडा. मग पिशवी उलटीसुलटी करून पाहिली. ८५० ग्रॅम. एक लिटर तेलाचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे ६० ग्रॅम गायब. पिशवी तीच, रंग तोच, चित्रही तेच. १४५ रुपये दिले आणि स्वस्तात मिळाली म्हणून दोन जास्तच उचलल्या होत्या. लिटरचा हिशोब केला तर १५५ पडले.

रागाने मग सगळं बिल घेऊन बसले. आम्ही आचऱ्याच्या अलीकडे राहतो, महिन्यातून एकदा कणकवलीच्या बाजूला जाऊन मार्टातून सामान आणतो. बिल ४,८७० रुपये. यादीत नसलेल्या वस्तूंवर पेन्सिलीने खुणा केल्या, त्यांची बेरीज ६४०. प्लॅस्टिकचे तीन डबे, 'दोनावर एक फुकट' बिस्किटं, कधीही न लागणारा पास्ता.

मृग तोंडावर आलाय. सासूबाई असत्या तर एव्हाना तांदळाची कणगी झाकून झाली असती, शिरोड्याचं जाडं मीठ मडक्यात गेलं असतं, सुके बोंबील नि सोडे डब्यात बसले असते. जूनच्या पहिल्या पावसानंतर चार महिने कशासाठीही त्या दुकानाची पायरी चढत नसत.

तुम्ही बेगमी करता का अजून? सामान कुठून आणता? आणि खरंच कुठे परवडतं, ते आकड्यांनिशी सांगा.

---

चाकरमानी_दादर | १० मे, १०:०५

ताई, ८५० वर थांबलात हे नशीब. आमच्याकडे ७५० ग्रॅमची पिशवी 'लिटर' म्हणून घरी आली होती. बायकोने परत करायला पाठवलं, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, वजन छापलेलं आहे ना. छापलेलं होतंच. त्याला काय बोलणार?

---

हिशोबनीस | १० मे, ११:३०

छापलेलं वाचायचं कुठे ते सांगतो. पाकिटावर एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात 'युनिट सेल प्राइस' असते. किलोच्या आतलं पाकीट असेल तर रुपये प्रति ग्रॅम, किलोच्या वर असेल तर प्रति किलो. कल्पना उत्तम आहे, पण प्रति ग्रॅमचा भाव दोनच दशांश स्थळांपर्यंत येतो. ०.१७ लिहिलेलं असेल तर खरा भाव किलोला १६५ असू शकतो किंवा १७४ सुद्धा. म्हणजे जवळपास दहा रुपयांचा फरक त्या एका आकड्यात दडतो. शिवाय हा भाव एमआरपीवरून काढलेला असतो, मार्ट ज्या दराने विकतं त्यावरून नव्हे. त्यामुळे मोबाइल काढून बिलाची रक्कम भागिले ग्रॅम करा. मी गेली दोन वर्षं तेच करतोय, एका हातात टोपली, दुसऱ्या हातात मोबाइल.

तेल महागलं त्यात सगळा दोष दुकानाचा नाही. आपल्याकडे लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क एकदम वाढवलं, सगळे अधिभार धरून ५.५ टक्क्यांवरून २७.५ वर. पुढे मे २०२५ अखेर ते १६.५ वर आणलं. वाढ झाली तेव्हा आमच्या बाजारात आठवड्यात कळली. कमी झालं ते कळायला किती महिने लागले, ते ज्याचं त्याने आठवावं.

---

मालवणी_मसाला | १० मे, दुपारी १:१५

सुरंगीताई, गजाल खरी आसा. माझ्या आवशीन गूळ, मीठ नि चायची पावडर सोडली तर दुकानातसून काय हाडूक नाय. तांदूळ घरचे, कुळीथ घरचे, सोला घरची. आता नारळ पण इकत घेवचे लागतत. माड आसत, पण अडसरां माकडांच्या पोटात जातत. गेल्या चवथीक पन्नास रुपयांक एक नारळ घेतलंय, तेवा जीव हळहळलो.

---

बागायतीतला | १० मे, १:५०

नारळ पन्नासचा झाला तेव्हा कुठे आम्हा माडवाल्यांना पाडेकऱ्याची मजुरी देऊन दोन पैसे उरले. २०२५ च्या हंगामाला तेलासाठीच्या खोबऱ्याचा हमीभाव क्विंटलला ११,५८२ रुपये होता आणि बाजार त्याच्या कितीतरी वर गेला. तेवढं एक वर्ष सोडलं तर माडाखाली पडलेला नारळ उचलायला माणूस मिळत नव्हता, इतका भाव कमी. महागाईच्या यादीत नारळ घालताना आमचाही विचार करा एवढीच विनंती.

---

शिफ्टवाली | १० मे, दुपारी ३:२०

मी मार्टाच्या बाजूने बोलणार आहे.

रत्नागिरीत नोकरी, संध्याकाळी साडेसातला सुटते. त्या वेळी बाजारात चार दुकानं फिरायची ताकद नसते. मार्टात डाळ, साबण, मुलाची वही, सगळं एका छपराखाली मिळतं. भाव फळीवर लिहिलेला असतो, कुणाला विचारावं लागत नाही. आमच्या गल्लीतला दुकानदार थंड दुधाच्या पिशवीला दोन रुपये जास्त घ्यायचा, 'फ्रीजचं लाइटबिल कोण देणार' म्हणून. छापील किमतीच्या वर घेणं कायद्याने चूक आहे हे सांगितल्यावर मला म्हणाला, मग मार्टात जा. गेले.

अजून एक. पॅड मागितले की हा माणूस आधी इकडेतिकडे बघणार, मग वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून, काहीतरी चोरीचा माल दिल्यासारखं हातात देणार. चौदाव्या वर्षापासून ते सहन केलं. मार्टात मी फळीवरून उचलते आणि टोपलीत टाकते. माझ्यासाठी या गोष्टीची किंमत ६४० रुपयांपेक्षा जास्त आहे.

---

सुरंगी | १० मे, ३:४५

शिफ्टवाली, पॅडचं अगदी पटलं. आमच्याकडेही तेच. याचा मी विचारच केला नव्हता.

---

देवरुखचा_दुकानदार | १० मे, रात्री १०:३०

दुकान बंद करून आता लिहितोय.

आधी शिफ्टवाली ताईंना: एमआरपीच्या वर एक रुपयाही घेणं चूक. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तक्रार करा. आमच्यातल्या अशा लोकांमुळे आम्ही सगळे बदनाम होतो. काळ्या पिशवीचं म्हणाल तर माझ्याही दुकानात तेच चालायचं. मुलगी बारावीला असताना तिने मला त्यावरून चांगलं सुनावलं आणि ते बंद झालं.

आता आमचं गाऱ्हाणं. मला डिस्ट्रिब्युटरकडून साबणाची वडी ज्या भावाला मिळते, त्याहून कमी भावाला मार्टात तीच वडी गिऱ्हाइकाला मिळते. कसं? ते कंपनीकडून थेट ट्रकभर उचलतात, पैसे लगेच मोकळे करतात आणि कंपनी त्यांच्यासाठी वेगळी पाकिटं बनवते. चारची जोडी, पाचावर एक. ती पाकिटं मला मिळतच नाहीत. एकदा मी स्वतः मार्टात जाऊन दोन पेट्या साबण आणून दुकानात विकला. लाज वाटली, पण गिऱ्हाईक टिकवायचं होतं.

२२ सप्टेंबर २०२५ ला साबण, टूथपेस्ट, शाम्पू, बिस्किटं यांचा जीएसटी १८ वरून ५ झाला. त्या सोमवारी माझ्याकडे दसरा-दिवाळीसाठी जुन्या दराने भरलेला माल होता. गिऱ्हाइकांनी टीव्हीवर बघितलेलं, ते नवा भाव मागणारच, त्यांचा हक्कच आहे. मी दिला. कंपनीकडून फरक वळता होऊन यायला दिवाळी उलटली. मोठ्यांना ते जमतं, आम्हाला तेवढे दिवस खिशातून चालवावं लागतं.

आणि उधारी. माझ्या वहीत आज ६३ घरांची खाती आहेत. आंब्याचे पैसे आले की देतो, गणपतीला मुलगा मुंबईहून आला की देतो. मार्ट कुणाला 'गणपतीत द्या' म्हणेल का?

---

वाशिष्ठीकाठ | ११ मे, सकाळी ७:५०

देवरुखकर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही.

२२ जुलै २०२१. आम्ही चिपळूणमध्ये बाजारपेठेच्या मागे राहतो. पाणी पहिल्या मजल्याला टेकलं होतं. ओसरल्यावर लाइट नाही, मोबाइल नाही, एटीएम चिखलात. पाकिटात होते ते पैसे भिजून एकमेकांना चिकटलेले. आमच्या वाण्याचं दुकान गळ्यापर्यंत बुडालं होतं. साखरेच्या गोणीतून पाक गळत होता, तांदूळ फुगून पोती फाटलेली. त्याचं स्वतःचं सगळं गेलेलं. तिसऱ्या दिवशी त्याने मेव्हण्याच्या टेम्पोतून थोडा माल आणला आणि पुठ्ठ्यावर नावं लिहून वाटला. जुनी वही पाण्यात गेली होती. पुढे महिन्याभराने लोक आपणहून आले, 'माझे इतके राहिले होते' सांगायला. सगळे आले असं म्हणणार नाही. पण आमच्या आळीतले बरेचसे आले.

मी आजही डाळ-तांदूळ त्याच्याकडूनच घेतो. मार्टापेक्षा किलोमागे चार-पाच रुपये जास्त जातात, ते मला माहीत आहे.

---

दर्यावर्दी | ११ मे, सकाळी ९:१०

वाशिष्ठीकाठ, तुमच्या वाण्याला नमस्कार. पण वहीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

माझे वडील ट्रॉलरवर खलाशी होते. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणजे दोन महिने घरात दमडी येत नसे. सगळं वहीवर. आई मला पाठवायची, कारण तिला तिथे उभं राहायची लाज वाटायची. रोख गिऱ्हाइकाला तांदूळ ज्या भावाने तोलला जायचा, त्याच भावाने आमच्या नावावर लिहिला जात नसे. मी पाचवीत होतो, बाजूच्या बाईला सांगितलेला भाव मला ऐकू यायचा आणि वहीतला आकडाही वाचता यायचा. घरी येऊन सांगितलं तर वडील म्हणाले, गप्प बस, उद्या कोण देणार आहे? नारळी पौर्णिमेनंतर होडी बाहेर पडली की पहिल्या दोन फेऱ्यांचे पैसे थेट दुकानात.

मार्टात मला आणि बंगल्यातल्या साहेबांना एकच भाव लागतो. याची किंमत मला कळते.

---

देवरुखचा_दुकानदार | ११ मे, १०:४०

दर्यावर्दी, असं होत असे. काही ठिकाणी अजून होतं. नाकारत नाही.

---

खळ्यातली_पडवी | ११ मे, ११:२०

बोलता बोलता दर्यावर आलोच आहोत तर बांगड्याचंही बोलूया. मालवणच्या बाजारात बांगड्याचा वाटा शंभरचाच आहे अजून. पण पूर्वी आठ यायचे, परवा पाच आले, तेही बोटभर. म्हटलं, मावशी हे काय? तिने वाट्यातले बांगडे हाताने पसरून दाखवले आणि म्हणाली, डिझेल बघ, बर्फ बघ, आणि जाळ्यात काय आलं ते बघ. मग एक वर घातला. सुरंगीच्या पिशवीसारखंच झालं की हे, पण इथे तीन बांगडे कमी झालेले डोळ्यांना दिसले, विचारता आलं आणि एक परत मिळाला.

---

बांगडाप्रेमी | ११ मे, ११:४५

पापलेटबद्दल कुणी बोलू नका. २०२३ मध्ये राज्यमासा केला, तेव्हापासून माझ्या ताटात मंत्र्यासारखाच येतो, वर्षातून एकदा.

---

शिफ्टवाली | ११ मे, दुपारी १:३०

बांगडाप्रेमी, ऑफिसात मोठ्याने हसले.

दर्यावर्दी, तुमचं वाचून मात्र काही वेळ गप्प बसून राहिले.

---

घाटवाट | ११ मे, दुपारी २:१५

भाजीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी कोल्हापूरहून वैभववाडी-कणकवलीकडे भाजी आणतो. आपल्याकडे मे महिन्यात पालेभाजी जवळजवळ नाहीच, पावसात तर विचारूच नका. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, सगळं घाट उतरून येतं. सावंतवाडीकडे बेळगावहून आंबोलीने, चिपळूणला कराडहून कुंभार्लीने, रत्नागिरीला आंबा घाटाने. २०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद होता तेव्हा आम्ही फोंड्याने फिरून यायचो. डिझेल जास्त, वेळ जास्त, टोमॅटो खालचे दबून फुटायचे. क्रेटमागे जे वाढायचं ते किलोवर पडायचं. लोक म्हणायचे भाजीवाला लुटतो. फुटलेल्या टोमॅटोचे पैसे मात्र कुणी देत नाही.

---

चाकरमानी_दादर | ११ मे, संध्याकाळी ६:००

तांदळाची एक गंमत बघा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद, छापील पाकिटातल्या तांदूळ-डाळी-पिठावर ५ टक्के जीएसटी लागला. लगेच काही ठिकाणी २६ किलोची गोणी आली! सुट्ट्या तांदळावर कर नाही. म्हणजे वाण्याने पोत्यातून मापून दिलेला तांदूळ करातून सुटतो, मार्टातलं पाच किलोचं देखणं पाकीट सुटत नाही. गावी आलो की उकड्या तांदळाची २६ किलोची गोणी मी गाडीत घालून नेतो. मुंबईत चांगला उकडा शोधत कुठे फिरू?

---

मालवणी_मसाला | ११ मे, ६:२५

उकडो तांदूळ मार्टात नाय गावणा, ता सगळ्यात मोठा दुख्ख. पेजेक काय सुरती कोलम घालतलंव?

---

सुरंगी | ११ मे, रात्री ९:१५

किती लिहिलंत सगळ्यांनी. घाटवाट, पुढच्या वेळी भाजीवालीशी घासाघीस करताना तुमचे फुटलेले टोमॅटो आठवतील.

एक राहिलं. मार्टात पिशवीचे वेगळे १२ रुपये घेतले. विचारलं तर म्हणे, सगळीकडे घेतात.

---

हिशोबनीस | ११ मे, ९:५०

डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने यावर निकाल दिलाय. आत शिरताना ठळक सूचना नसताना, खरेदी झाल्यावर काउंटरवर पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा. पण १२ रुपयांसाठी भांडायला आपण जात नाही, हे त्यांना ठाऊक असतं. सरळ घरून कापडी पिशवी न्या.

---

गिरगावची_माहेरवाशीण | १२ मे, सकाळी १०:१५

लग्नानंतर गुहागरला आले, त्याआधी गिरगावात वाढले. आमच्याकडे मुंबई ग्राहक पंचायतीतून सामान यायचं. १९७५ पासून चालू असलेली संस्था. शेजारपाजारच्या घरांचा एक संघ करायचा, महिन्याला छापील यादी यायची, प्रत्येक घराने हवं ते भरायचं. ठरलेल्या दिवशी टेम्पो यायचा आणि एका घरात सगळं उतरायचं. मग आई आणि बाकीच्या बायका जमिनीवर बसून ज्याचं त्याचं वेगळं करायच्या. आमच्या घरी उतरलं की दोन दिवस खोलीत जिरं-धण्याचा वास. आम्हा मुलांचं काम पाकिटं मोजण्याचं.

त्यात दोन गोष्टी होत्या. घाऊक खरेदी म्हणून भाव कमी. आणि यादी घरी बसून भरायची, म्हणून सुरंगीचे ६४० रुपये व्हायचे नाहीत. डोळ्यांसमोर फळी नसली की हात जात नाही.

वाडीत सात-आठ घरं मिळून असं का नाही करत?

---

शिफ्टवाली | १२ मे, १०:४०

कारण वाटणीवरून भांडणं होतात. आमच्या सोसायटीत आंब्याच्या पेट्यांवरून झाली. मोठे कुणाला नि डागी कुणाला.

---

गिरगावची_माहेरवाशीण | १२ मे, ११:००

आंब्यात होणारच. तेलात आणि डाळीत मोठं-लहान नसतं.

---

खळ्यातली_पडवी | १२ मे, ११:३०

मसाल्यात आम्ही करतोच की! दर एप्रिलला चार घरांची बेडगी, संकेश्वरी, लवंगी एकत्र आणतो. देठं काढायला सगळ्या आमच्या खळ्यात. उन्हात दोन दिवस वाळवून मसाला कुटायच्या डंखावर नेतो. डंखवाला आमच्या पाळीच्या आधी आणि नंतर साफ करून देतो, कारण माल एकदम मोठा असतो. एकटी बाई दोन किलो घेऊन गेली तर तिला आदल्या मसाल्याचं मिसळलेलं मिळतं. हा फायदा पैशात धरलाच नव्हता कधी.

---

दर्यावर्दी | १२ मे, दुपारी १२:१०

यात रोख लागणार. ज्याच्याकडे जूनमध्ये रोख नाही त्याचं काय? आत्ता मे आहे, होड्या चालू आहेत, हातात पैसे आहेत. बेगमी करायची तर आत्ताच. आई हे करू शकली असती तर आम्हाला वही लागली नसती. पण तिला मे महिन्यात मागच्या वर्षीचं फेडायचं असे.

---

सुरंगी | १९ मे, रात्री ८:३०

आठवड्याने लिहितेय, कारण करून बघितलं.

वाडीतल्या सात घरांना विचारलं, आमचं धरून आठ. सगळ्या म्हणाल्या, आधी तेल बघू, मग बाकीचं. गावातल्याच दुकानदाराला सांगितलं, १५ किलोचा डबा रोखीने आणून देशील का? तो आठवड्याच्या मालाबरोबर घेऊन आला, टेम्पोचे वेगळे पैसे लावले नाहीत. डबा २,४३० ला पडला. किलोला १६२. माझ्या मार्टाच्या पिशवीचा भाव किलोला १७० रुपये ६० पैसे निघतो, हिशोबनीस यांच्या पद्धतीने काढला. म्हणजे किलोमागे साडेआठ रुपये वाचले. डोंगर नाही, मान्य. मार्टाला जायचं एसटीचं तिकीट मात्र सुटलं, अर्धं लागत असलं तरी जाऊन-येऊन पैसे जातातच. आणि पास्ता आला नाही.

सात घरांनी दोन-दोन किलो घेतलं. शेजारच्या काकू एकट्याच असतात, त्यांनी एक किलो. वाटप आमच्या पडवीत झालं. दुकानदाराचाच काटा आणला होता, आधी रिकामं भांडं तोलायचं, मग तेल. भांडण झालं नाही. एकीने तेलाचा हात दुसरीच्या साडीला पुसला, त्यावरून थोडी बोलाचाली झाली.

दर्यावर्दी, तुमचं वाचलेलं डोक्यात होतं. आठातल्या एका घरचा माणूस होडीवर असतो. तिचे ३२४ रुपये आम्ही बाकीच्यांनी मिळून भरले, ती ऑगस्टात देणार. भाव तोच. कागदावर सगळ्यांच्या समोर लिहिला.

माझ्या वाट्याचं ओतलं तेव्हा कावळी मानेपर्यंत भरली, वर दुसऱ्या डब्यात राहिलं ते वेगळं.

---

दर्यावर्दी | १९ मे, रात्री ९:०५

हे आईला वाचून दाखवलं. ती विचारते, तांदळाचं कधी करणार?

---

देवरुखचा_दुकानदार | १९ मे, रात्री १०:४५

सुरंगीताई, तुमच्या दुकानदाराला सांगा, तूरडाळीचं ३० किलोचं पोतं फोडून वाटायचं असेल तर मेअखेरच्या आत घ्या. पाऊस पडला की डाळीला ओल धरते, पोतं दुकानातच मऊ पडतं. आणि घरी नेल्यावर एक दिवस ऊन दाखवून, थोडं एरंडेल चोळून ठेवा.

---

सुरंगी | १९ मे, ११:००

३० किलो म्हणजे घरटी पावणेचार किलो. उद्या सकाळी पाण्यावर गेले की विचारते सगळ्यांना.